सेश्शो व काम्पाकू

सेश्शो व काम्पाकू ही जपानच्या राजदरबारातील दोन सर्वोच्च पदे होती. अल्पवयीन सम्राटाच्या किंवा सम्राज्ञीच्या वतीने राज्यकारभार पाहणाऱ्यास सेश्शो, तर सज्ञान सम्राटाच्या प्रमुख सल्लागारास काम्पाकू म्हणत. सम्राटापुढे जाणारी कागदपत्रे आधी काम्पाकूच्या नजरेखालून जात.

प्रारंभी सेश्शो राजघराण्यातीलच असे. परंपरेनुसार इ.स. ५९३ मध्ये सम्राज्ञी सुइको हिने आपला भाचा शोतोकू याला हे पद दिले. इ.स. ८६६ मध्ये सम्राट सेइवा याच्या आईचे वडील फुजिवारा नो योशिफुसा हे राजघराण्याबाहेरील पहिले सेश्शो झाले. त्यांचा दत्तक पुत्र मोतोत्सुने हा पहिला काम्पाकू मानला जातो.

फुजिवारा घराण्याच्या सत्तेचे मूळ सैन्यात नसून विवाहसंबंधांत होते. घराण्यातील मुली सम्राटांना दिल्या जात व त्यांची मुले पुढे गादीवर येत. मिचिनागा याच्या तीन मुली सम्राज्ञी झाल्या, इ.स. १०१६ मध्ये तो आपल्या नातवाचा सेश्शो बनला. इ.स. १०६८ मध्ये फुजिवारा माता नसलेला गो-सान्जो सम्राट झाला आणि घराण्याची पकड सैल झाली. पदांची प्रतिष्ठा मात्र टिकून राहिली. इ.स. १५८५ मध्ये तोयोतोमी हिदेयोशी या सेनानीने काम्पाकू होण्यासाठी फुजिवारा वंशातील कोनोए घराण्यात दत्तक जाणे पत्करले.

इ.स. १८६८ मध्ये दोन्ही पदे रद्द झाली. पुढे सेश्शोपद कायद्याने पुन्हा निर्माण करण्यात आले. सम्राट ताइशो आजारी असताना युवराज हिरोहितो १९२१ ते १९२६ या काळात सेश्शो होते.