उतारावरची गाडी आणि आनंदाची नोंद

आज आपण रोलर कोस्टरबद्दल बोलणार आहोत. उंच रुळांवर चढून धाडकन खाली येणारी ती गाडी आपण टीव्हीवर नाहीतर मुलांच्या मोबाईलवर पाहिलेली असते. बचत आणि हप्ते सोडून आज हे काय, असं वाटेल तुम्हाला. पण हा इतिहास कष्टाच्या पैशातून घेतलेल्या आनंदाचा आहे, म्हणून ऐका.

सुरुवात झाली रशियात. तिथे हिवाळ्यात लाकडाचे उंच सांगाडे उभारून उतारावर पाणी ओतत. पाणी गोठलं की बर्फाची घसरगुंडी तयार! पुढे १८१७ साली पॅरिसमध्ये चाकांच्या गाड्या आल्या. फ्रेंच लोक या खेळाला आजही ‘रशियन डोंगर’ म्हणतात, आणि रशियन लोक ‘अमेरिकन डोंगर’!

अमेरिकेत ही गाडी कोळशामुळे आली. पेनसिल्व्हेनिया राज्यात मॉक चंक नावाचं गाव होतं. तिथे १८२७ साली डोंगरावरच्या खाणीतून कोळसा उतरवायला रूळ टाकले. भरलेले डबे उताराने आपोआप खाली येत. रिकामे डबे वर ओढायला खेचरं लागत, म्हणून तीही डब्यात बसूनच खाली यायची. त्यांना याची इतकी सवय झाली की पायी उतरायला ती तयारच होईनात! पुढे लोक हौसेने पैसे देऊन या गाडीत बसू लागले.

१८८४ साली लामार्कस थॉम्पसन यांनी न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडच्या समुद्रकिनारी अशीच गाडी मुद्दाम करमणुकीसाठी सुरू केली. तिकीट ५ सेंट. वेग आपल्या सायकलीएवढा, तरी लोकांची झुंबड उडाली.

त्या काळात न्यूयॉर्कमध्ये हजारो तरुण मुली कपड्यांच्या कारखान्यांत शिलाई करायच्या. आठवडाभर मान मोडून काम. पगाराचं पाकीट बहुतेक जणी न फोडता आईच्या हातात द्यायच्या. त्यातून मिळालेली चिल्लर साठवून सुट्टीच्या दिवशी मैत्रिणींबरोबर कोनी आयलंड गाठायच्या. एरवी जोरात हसलं तरी लोक बघायचे. या गाडीत मात्र मोकळेपणाने किंचाळता यायचं.

तिथेच १९२७ साली ‘सायक्लोन’ हा लाकडी रुळांचा रोलर कोस्टर उभा राहिला. उंची सुमारे ८५ फूट. साखळी गाडीला कड्कड् आवाज करत वर नेते. पुढचं काम उताराचं, घाटातून इंजिन बंद करून गाडी सोडावी तसं. चाकं रुळाच्या वर असतात तशी खालूनही असतात, म्हणून गाडी रूळ सोडत नाही.

१९७०च्या दशकात शेजारच्या मत्स्यालयाला जागा हवी म्हणून सायक्लोन पाडायचं घाटत होतं. लोकांनी विरोध केला. कुणी तिथे बहिणीचा हात धरून बसलं होतं, कुणी लग्न ठरल्यावर. त्यांच्यासाठी ते नुसतं जुनं लाकूड नव्हतं. सायक्लोन वाचला, १९७५ साली पुन्हा सुरू झाला, आणि १९९१ साली त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला.

हे वाचल्यावर आम्ही आमच्या गटाच्या बैठकीत विचारलं, “जत्रेतल्या आकाशपाळण्यात शेवटचं कधी बसलात?” आधी सगळ्या हसल्या. मग एक मावशी म्हणाल्या, “लग्नाआधी. नंतर सासूबाई म्हणाल्या, बाईमाणसाला शोभत नाही.” त्याला चाळीस वर्षं झाली. पण पाळणा वर गेल्यावर दिसलेलं देवळाचं शिखर आणि शेजारी घट्ट बिलगलेली धाकटी बहीण त्यांना अजून आठवते. ती बहीण आता नाही. ही गोष्ट त्यांनी सुनेलाही कधी सांगितली नव्हती.

मैत्रिणींनो, आपल्या वह्यांत बचत, कर्ज, व्याज सगळं लिहिलेलं असतं. आपल्या आनंदाची नोंद मात्र कुठेच नसते, आणि बाई गेली की तीही जाते. म्हणून एक विनंती. पुढच्या बैठकीत हिशोब संपला की प्रत्येकीने अशी एक आठवण सांगावी. आधी वयाने मोठ्या बायकांनी. लिहिता येणाऱ्या मुलीने ती वहीच्या मागच्या पानांवर उतरवून घ्यावी. आणि यंदा जत्रा भरली की मावशींना पाळण्यात बसवायचं आम्ही ठरवलंय. तिकिटाचे पैसे त्या स्वतः देणार आहेत!