अडवायचा नाही असा गडी: ऑप्शनचा प्रवास

'पहिल्यांदा कोणी केलं?' हा प्रश्न संशोधनाला नव्याने लागलेल्या प्रत्येकाला मोहात पाडतो. आज अमेरिकन फुटबॉलमधलं उदाहरण घेऊ. तिथे या प्रश्नाचं उत्तर मिळतं, पण त्यातून फारसं काही कळत नाही.

आधी खेळ समजून घ्या. दोन्हीकडे अकरा-अकरा. क्वार्टरबॅक चेंडू धावपटूच्या हातात देतो, बाकीचे समोरच्यांना अंगाने अडवतात, हे ब्लॉकिंग. चेंडू देऊन झाल्यावर क्वार्टरबॅक तसा रिकामाच, आणि पळणारा कोणाला अडवत नाही. म्हणजे नऊ जणांनी अकरांना अडवायचं! हिशेब जुळत नाही. ऑप्शनची युक्ती अशी की टोकाच्या एका बचावपटूला मुद्दाम कोणी अडवायचंच नाही. क्वार्टरबॅक चेंडू घेऊन त्याच्याच रोखाने जातो. तो अंगावर आला, तर चेंडू बाजूने पळणाऱ्या साथीदाराकडे टाकायचा. तो साथीदाराकडे वळला, तर स्वतःच आत घुसायचं. हात न लावता एक माणूस बाद होतो, आणि त्याला अडवणारा गडी दुसऱ्या कामाला मोकळा.

मिसूरी विद्यापीठाचे प्रशिक्षक डॉन फरो यांनी हे 1941 मध्ये 'स्प्लिट टी' रचनेत बसवलं. ते विद्यार्थीदशेत बास्केटबॉलही खेळलेले. दोघांनी मिळून एकट्या बचावपटूवर चाल करून जायची तिथली पद्धत त्यांनी इकडे आणली. झालं, 'पहिला' सापडला. (चेंडू धावता धावता बाजूला टाकणं तर रग्बीपासूनचं आहे, तेव्हा हा 'पहिला'ही जरा डळमळीतच.)

माझ्या मते खरी गोष्ट 1943 ची. युद्ध चालू होतं. नौदलाच्या भावी वैमानिकांसाठी आयोवात प्री-फ्लाइट शाळा होती आणि तिचा फुटबॉल संघही होता. त्या वर्षी प्रशिक्षक फरो, हाताखाली जिम टेटम आणि बड विल्किन्सन. दोघांनी स्प्लिट टी तिथेच उचलली. 1946 मध्ये टेटम ओक्लाहोमाचे प्रशिक्षक झाले, विल्किन्सन त्यांचे सहायक. वर्षभरात टेटम मेरीलँडला गेले आणि ओक्लाहोमा विल्किन्सनकडे आलं. 1953 चं राष्ट्रीय विजेतेपद मेरीलँडला मिळालं, पण 1 जानेवारी 1954 च्या ऑरेंज बोलमध्ये ओक्लाहोमाने त्यांना 7-0 हरवलं. एकाच गुरूचे दोन चेले समोरासमोर! ओक्लाहोमाने 1957 पर्यंत सलग 47 सामने जिंकले. युद्धाने या तिघांना एका छावणीत आणलं नसतं तर? असा प्रश्न प्रबंधात विचारू नये म्हणतात. टिपणवहीत मात्र जरूर विचारा.

पुढचा दुवा डॅरेल रॉयल. विल्किन्सनच्या संघात क्वार्टरबॅक, नंतर टेक्सासचे प्रशिक्षक. 1968 मध्ये त्यांचे सहायक एमरी बेलार्ड यांनी 'विशबोन' रचना आणली. आता मोकळे सोडलेले बचावपटू दोन, आणि निर्णयही दोन. पहिलाच सामना ह्यूस्टनशी, 20-20 बरोबरी. गंमत म्हणजे ह्यूस्टनही बिल योमन यांची 'व्हीअर' ही ऑप्शनच खेळत होतं. पुढचा सामना टेक्सास हरलं, आणि मग सलग 30 जिंकलं.

या सगळ्याचं साधन म्हणून आपल्या हाती येतात त्या आकृत्या: गोल, फुल्या, बाण. कोण कोणाला अडवणार, कोणाला सोडणार, सगळं त्यात असतं. पण सगळे गोल सारखेच दिसतात. 1969 मध्ये विशबोन खेळून राष्ट्रीय विजेता ठरलेला टेक्सासचा संघ पूर्ण गोरा होता, तसा तो शेवटचा विजेता. आकृतीत हे कुठेच दिसत नाही. म्हणून मी आकृतीशेजारी त्या वर्षीची खेळाडूंची यादी ठेवतो. मग त्याच राज्यातल्या ह्यूस्टनकडे वेगळ्या नजरेने बघावं लागतं: योमन यांनी 1964 मध्येच वॉरन मॅकव्ही या कृष्णवर्णीय धावपटूला शिष्यवृत्ती देऊन संघात घेतलं होतं, आणि व्हीअर आकाराला आली ती तो खेळत होता त्याच वर्षांत.