पास्कलचा नियम आणि चामड्याची वाटी

काही वर्षांपूर्वी आमच्या जुन्या गाडीचा क्लच नीट सुटेनासा झाला. पेडल पूर्ण दाबले तरी गिअर खरखरत. या गाडीत पेडलापासून क्लचपर्यंत तार नव्हती. दोन सिलिंडर आणि त्यांना जोडणारी द्रवाने भरलेली नळी होती. पास्कलचा नियम आम्हाला पाठ, त्यामुळे निदान सोपे वाटले: नळीत हवा शिरली असणार. द्रव जवळजवळ दाबला जात नाही, हवा मात्र दाबली जाते; म्हणजे पेडलाची हालचाल बुडबुडे चेपण्यातच संपते. आम्ही दोनदा हवा काढली. क्लच तसाच!

गॅरेजमधल्या मिस्त्रींनी पेडल दाबून धरायला सांगितले. ते पायाखाली हळूहळू खाली जाऊ लागले. "हवा असती तर चार-पाच वेळा भराभर दाबल्यावर पेडल घट्ट झालं असतं. साहेब, वरच्या सिलिंडरचं रबर गेलंय," ते म्हणाले. द्रव बाहेर सांडत नव्हता, पण दट्ट्याच्या कडेने मागे निसटत होता.

इतिहासातही नेमके हेच घडले आहे. पास्कल यांचा द्रवांच्या समतोलावरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, 1663 साली छापला गेला. एक दट्ट्या दुसऱ्याच्या शंभरपट क्षेत्रफळाचा असेल तर एक माणूस शंभर माणसांचे बल तोलून धरील, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. तरीही जोसेफ ब्रामा या लंडनमधील कुलूप-कारागिराने द्रवदाबयंत्राचे पेटंट घेतले ते 1795 साली. मधे 132 वर्षे गेली!

ब्रामा यांच्यापुढेही अडचण गळतीचीच होती. दट्ट्याभोवतीचे बूच सैल ठेवले तर पाणी गळे; आवळले तर दट्ट्या अडके. त्यांच्या कारखान्यातील तरुण कारागीर हेन्री मॉडस्ले यांनी चामड्याची वाटीसारखी कडा बसवली, असे मानले जाते. पाण्याचा दाब वाढला की कडा आपोआप भिंतीला अधिक घट्ट चिकटते. दाब गेला की सैल होते. ज्या दाबामुळे गळती होते, त्यालाच गळती थांबवायला लावले!

माल्कम लॉकहीड यांच्या मोटारीच्या द्रवदाब ब्रेकमध्येही आधी चामड्याच्याच वाट्या होत्या आणि त्या गळत. 1924 च्या क्रायस्लर गाडीत त्यांच्या जागी रबरी वाट्या आल्या. 1959 साली ब्रिटनमध्ये आलेल्या मिनी गाडीचा क्लचही अशाच द्रवदाबावर चाले. आमच्या गाडीत झिजली होती ती हीच वाटीची कडा.

पाठ्यपुस्तकातील आकृतीत दट्ट्या कधीच गळत नाही. म्हणूनच तिथे पास्कल असतात, मॉडस्ले नसतात. वर्गात सुया नसलेल्या, न वापरलेल्या दोन लहानमोठ्या सिरिंज नळीने जोडून रंगीत पाणी भरा. मोठीचा आतील व्यास दुप्पट असेल तर बल चौपट मिळेल, सरकणे पावपट होईल. मग थोडी हवा शिरू द्या आणि फरक पाहा. शेवटी दट्ट्याची रबरी कडा मुलांच्या हाती द्या आणि विचारा: ही नसती तर नियम खोटा ठरला असता का?