किहीमचें पाणी आणि नकाशाचें गणित

कनकेश्वराच्या डोंगराच्या पश्चिमेस, अलिबागच्या उत्तरेकडील किनाऱ्यावर किहीम हें गांव आहे. मुंबईच्या सुखवस्तु कुटुंबांस तें समुद्रस्नानासाठीं ठाऊक आहे. पक्षिशास्त्राच्या अभ्यासकांस सलीम अली यांनीं १९३० सालीं येथें सुगरणीच्या घरट्यांचें जें निरीक्षण केलें त्यामुळें. आम्हांस येथें त्याच्या पाण्याचा विचार करावयाचा आहे. डोंगर आणि समुद्र यांमधील अरुंद पट्टींत पावसाचें पाणी कोणत्या वाटेनें जातें, आणि जातांना बरोबर काय नेतें, या प्रश्नावर तेथील विहिरींचें गोडें पाणी अवलंबून आहे.

जुन्या कुळाबा जिल्ह्यांत (रायगड हें नांव त्यास १९८१ सालीं मिळालें) पाण्याची व्यवस्था नकाशावांचून लागलेली होती. डोंगराचें पाणी ओहोळांनीं भातखाचरांत उतरे. प्रत्येक बांध तें घटकाभर थोपवून धरी. गाळ तेथेंच बसे. पुढें किनाऱ्याच्या रेताड वाडींत तें मुरे, आणि उन्हाळ्यांत रहाटावर चढून नारळी-पोफळीच्या पाटांतून पुन्हा वाहूं लागे. खाडीलगतच्या जमिनींस खारबांध असत व त्यांस उघाड्या ठेवलेल्या असत. भरतीच्या वेळीं त्या मिटत, ओहोटीला पावसाचें पाणी बाहेर सोडीत. हे बांध राखण्याचें काम आणि त्याबद्दल पिकांतील ठरीव वांटा, यांवर या जिल्ह्यांतील ‘शिलोत्री’ पद्धत उभी होती. पाण्याचें हें शास्त्र कोणीं लिहून ठेविलें नाहीं, पण तें बांधाबांधांत साठलेलें होतें.

लिहिलेलें शास्त्र युरोपांतून आलें. आयर्लंडमधील मुलव्हनी नांवाच्या इंजिनियरानें १८५१ सालीं असें प्रतिपादन केलें कीं पावसाचा जोर, क्षेत्रफळ आणि न मुरतां वाहून जाणाऱ्या पाण्याचें प्रमाण, या तीन गोष्टींवरून ओढ्याचा मोठ्यांत मोठा लोंढा काढतां येतो. मुंबईचीं जुनीं पर्जन्यगटारें याच रीतीचीं आहेत. ताशीं २५ मिलिमीटर पाऊस पडेल, व त्यांतील निम्मा जमिनींत जिरेल, असें त्यांत गृहीत होतें. निम्मा जिरेल! बागा, तलाव आणि मिठागरें असलेल्या मुंबईस तें शोभलें असेल. पुढें शहरानें जमीन झांकून टाकिली आणि गृहीतक मात्र तसेंच राहिलें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशीं कुलाब्यास तो ७३ मिलिमीटर होता. पंचवीस किलोमीटरांच्या आंत एवढा फरक पडतो, तेथें एका पर्जन्यमापकावरून साऱ्या प्रदेशाचा हिशेब मांडणें किती धाडसाचें आहे हें निराळें सांगावयास नको.

मुलव्हनीच्या त्या तीन संख्यांच्या जागीं आतां हजारों चौकोन आले आहेत. भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजेच सर्वत्र ‘जीआयएस’ म्हणून ओळखली जाणारी पद्धति, १९६० नंतरच्या दशकांत कॅनडांत रॉजर टॉमलिन्सन यांनीं जमिनीची मोजदाद करण्यासाठीं रचिली. तिची मूळ कल्पना सोपी आहे. सारा मुलूख जाळीसारख्या चौकोनांत विभागावयाचा; प्रत्येक चौकोनाची उंची, माती आणि वापर नोंदावयाचा; मग त्या चौकोनांतील पाणी भोंवतालच्या आठ चौकोनांपैकीं ज्याकडे उतार सर्वांत अधिक त्यांत जातें, असें धरून ओहोळापर्यंत त्याचा माग काढावयाचा.

किती पाणी वाहेल हें ठरविण्यासाठीं अमेरिकेच्या मृद्‌संधारण खात्यानें १९५० नंतरच्या दशकांत एक कोष्टक तयार केलें. त्यांत मध्यम पाझराच्या जमिनीवरील चांगल्या फळबागेस ५८ आणि फरसबंदीस ९८ असे अंक आहेत. ते घेऊन १०० मिलिमीटर पावसाचा हिशेब आम्ही करून पाहिला. बागेंतून १६ मिलिमीटर वाहतें, फरशीवरून ९४. म्हणजे वाडीच्या एका हेक्टरांतून सुमारें १ लाख ६० हजार लिटर पाणी निघत असेल, तर तेथें बंगला, आवार आणि मोटारींचा चौक होऊन सर्व जमीन झांकली गेल्यास ९ लाख ४० हजार लिटर निघेल. किहीमच्या रेताड वाडींत मूळचें पाणी याहूनहि कमी निघत असले पाहिजे, आणि म्हणून तफावत अधिकच मोठी.

हिशेबाचा खरा कस पुढें लागतो. उंचीचे जगभर वापरले जाणारे आंकडे २००० सालच्या फेब्रुवारींत एन्डेव्हर या अवकाशयानावरील रडारनें घेतले. रडारच्या लहरी दाट झाडीच्या माथ्यांवरूनच बऱ्याच अंशीं परततात. त्यामुळें समुद्रसपाटीपासून चार-पांच मीटर उंचीची नारळाची वाडी नकाशांत टेकडी म्हणून उमटूं शकते, आणि तिच्यापलीकडील उघडें खाचर खड्डा म्हणून! शिवाय तीस मीटर बाजूच्या चौकोनांत हातभर उंचीचा बांध, रस्त्याखालची मोरी किंवा उघाडी दिसणें शक्यच नाहीं. आमच्या मतें किहीमसारख्या सपाट किनाऱ्यावर पाण्याची वाट ह्याच बारीक वस्तु ठरवितात. संगणकानें काढलेल्या ओहोळावर विश्वास ठेवण्यापूर्वीं गांवच्या वयस्क शेतकऱ्याबरोबर एखादी श्रावणसर बांधावरून पाहणें हा मोजणीचाच भाग समजला पाहिजे.

घाणीचा हिशेब तर याहून कच्चा आहे. वाहत्या पाण्यास जमिनीच्या वापरानुसार ठरविलेल्या मळाच्या प्रमाणानें गुणलें कीं किती खत, गाळ, तेल वा मैला समुद्रास मिळाला तें निघतें. परंतु हीं प्रमाणें पुष्कळदां अमेरिकन शहरांतील पाहणीवरून घेतात, आणि त्यांपैकीं मोठी पाहणी १९८३ सालीं पुरी झाली. तेथील बऱ्याच शहरांत पाऊस वर्षभर थोडथोडा पडतो. येथें आठ महिन्यांची धूळ, गळकें तेल आणि शोषखड्ड्यांची झीज मृगाच्या पहिल्या सरींत एकदम निघते. पुढें आषाढांत त्याच ओहोळाचें पाणी पुष्कळ निवळ असूं शकतें. वर्षाची सरासरी धरली तर नेमका तो पहिला दिवस लपतो, आणि विहिरीस धोका असतो तो त्याच दिवशीं.

यास उपाय महागडा नाहीं. डोंगराच्या पायथ्याशीं एक, वाडींत एक असे दोन पर्जन्यमापक. ओहोळाच्या तोंडाशीं उंचीच्या खुणा केलेली काठी. आणि पहिल्या सरीपासून ठराविक वेळानें भरलेल्या बाटल्या. अलिबागेंत चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून अखंड नोंदी घेत आली आहे. ओहोळास तेवढा काळ नको. चार-सहा पावसाळे पुरतील.