पंधरा कप आणि एक पृथ्वीगोल

सातवीच्या जूनमध्ये प्रार्थनेच्या रांगेत मी एकदम मागे गेले, हे तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. पाचवीत मी पुढून तिसरी होते. आपल्याकडे उंचीप्रमाणे रांग लागायची आणि दर वर्षी पी.टी.चे सर खांद्याला धरून एकेकाला पुढेमागे करायचे. त्या वर्षी आम्ही पाच-सहा मुली वर्गातल्या सगळ्या मुलांपेक्षा उंच निघालो. तेव्हा मुलांनी ठेवलेली नावं स्मरणिकेत छापण्यासारखी नाहीत.

आमची उंची वाढली यात नवल काहीच नव्हतं, पण हे माणसाला आकड्यांनी कळलं ते फार उशिरा. फ्रान्समधल्या काउंट माँबेयार यांनी १७५९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची साधारण दर सहा महिन्यांनी मोजली आणि १७७७ पर्यंत हे व्रत चालवलं. त्यांचे मित्र, निसर्गशास्त्रज्ञ बुफाँ, यांनी ते आकडे आपल्या ग्रंथात छापले. वाढीचा वेग जन्मापासून कमी कमी होत जातो, मग किशोरवयात एकदम उसळी घेतो आणि पुन्हा मंदावतो, हे त्या एका मुलाच्या आकड्यांतून दिसतं. विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये डॉ. टॅनर यांनी अनेक मुलांची वर्षानुवर्षे मापं घेतली. मुलींची उसळी मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी येते. आणि सगळं शरीर एकदम वाढत नाही. हात-पाय आधी लांब होतात, धड मागून येतं. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

उंची पट्टीने मोजता येते. बुद्धी कशाने मोजायची? १९०४ मध्ये फ्रेंच सरकारने एक समिती नेमली. नेहमीच्या वर्गात मागे पडणारी मुलं ओळखायची कशी, हा तिच्यापुढचा प्रश्न होता. त्यातून १९०५ मध्ये आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांची चाचणी आली. बुद्धी म्हणजे जन्मभर न बदलणारी रक्कम, हे बिने यांना मान्य नव्हतं. १९११ मध्ये ते गेले आणि नंतर अनेक ठिकाणी चाचणीचा वापर नेमका तसाच झाला. आपल्या बाजूला १९३०च्या दशकात धारवाडला डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. ‘बिने-कामत’ हे नाव मानसशास्त्र शिकलेल्यांना परिचित असेल.

मला मात्र या गोष्टीतलं एक उपकथानक जास्त आवडतं. १९१९ मध्ये जाँ पियाजे नावाचा तेवीस वर्षांचा स्विस तरुण पॅरिसला आला. त्याची डॉक्टरेट गोगलगाय-शिंपल्यांच्या वर्गातल्या प्राण्यांवर होती. त्याला बिने यांच्या जुन्या प्रयोगशाळेत एक कंटाळवाणं काम मिळालं. सिरिल बर्ट यांचे इंग्रजी तर्कप्रश्न पॅरिसच्या मुलांना विचारायचे आणि बरोबर-चूक मोजायचं. मोजता मोजता त्याच्या लक्षात आलं, की एका वयाची मुलं सारख्याच प्रकारे चुकतात. मग त्याने बरोबर उत्तरं बाजूला ठेवली आणि चुकीची उत्तरं देणाऱ्यांशी गप्पा सुरू केल्या. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हे लगेच पटतं. एकाने चूक केली तर तो निष्काळजी असेल. शंभर जण तीच चूक करत असतील तर आत काहीतरी रचना आहे. आपल्या वह्यांवर लाल फुल्या मारणाऱ्या बाईंना तेवढा वेळ कुठून असणार, साठ मुलांचा वर्ग होता. पण पियाजेला वेळ होता.

१९२१ मध्ये तो जिनिव्हाला गेला आणि १९३२ मध्ये मुलांच्या नैतिक विचारावरचं त्याचं पुस्तक आलं. पुस्तकाची सुरुवात गोट्यांनी होते! आपल्याकडे गल खणून खेळायचे. तिकडे जमिनीवर चौकोन आखून आतल्या गोट्या उडवायचे. पियाजे मुलांजवळ जाऊन म्हणायचा, मी विसरलोय, मला शिकव. मग विचारायचा, नवा नियम करता येईल का? हे नियम आले कुठून? लहान मुलं खेळताना स्वतःच नियम सर्रास मोडत, पण नियम बदलायचा म्हटलं की ठाम नकार देत. नियम वडिलांपासून, नगरपालिकेच्या मोठ्या माणसांपासून, अगदी देवापासून आलेत, अशी उत्तरं मिळाली. दहा-अकराच्या पुढची मुलं म्हणत, सगळ्यांना मान्य असेल तर बदलू.

मुलींचे खेळ त्याने ओझरते पाहिले आणि मुलींमध्ये नियम-कायद्याची जाण बरीच कमी असते, असं लिहून मोकळा झाला. मधल्या सुट्टीतलं आमचं ठिकरीच्या रेघेवरचं भांडण त्याने ऐकायला हवं होतं. पुढे १९५०च्या दशकात शिकागोत लॉरेन्स कोलबर्ग यांनी नैतिक विकासाच्या पायऱ्या मांडल्या, त्यासुद्धा फक्त मुलग्यांना प्रश्न विचारून. या प्रकाराला कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये पुस्तक लिहून खणखणीत उत्तर दिलं.

आता कप. पियाजेने मुलांना दोन गोष्टी सांगितल्या. एक मुलगा जेवायला बोलावलं म्हणून दार उघडतो; दारामागे खुर्चीवर ट्रे असतो, हे त्याला माहीत नसतं, आणि पंधरा कप फुटतात. दुसरा आई घरात नसताना चोरून जॅम काढायला जातो आणि एक कप फोडतो. जास्त चूक कोणाची? लहान मुलं सांगत, पहिल्याची, कारण पंधरा फुटले. नऊ-दहाच्या आसपासची मुलं हेतू बघत. पुढच्या संशोधकांनी यात खोट काढली, आणि ती रास्त आहे. गोष्टीत हेतू आणि नुकसान दोन्ही एकदम बदलतात. आमच्याकडे एका वेळी दोन गोष्टी बदलून टेस्ट केली तर कोणी तो निकाल मानणार नाही. दोन्ही वेगळे करून विचारलं, तर बरीच लहान मुलंही हेतू ध्यानात घेतात, असं पुढे दिसलं.

पण वय वाढलं म्हणून नुकसान मोजणं सुटतंच असंही नाही. मी बारा वर्षांची होते.

सातवी ‘ब’च्या वर्गात कपाटावर नवा कोरा पृथ्वीगोल होता. तो खाली पडून त्याचा स्टँड मोडला आणि दक्षिण गोलार्धाला तडा गेला. कोणी केलं ते कळेना, म्हणून सगळ्या वर्गाचा खेळाचा तास पंधरा दिवस बंद झाला. वर्गातल्या एका मुलाला दोनदा स्टाफरूममध्ये बोलावलं, कारण काहीही मोडलं की आधी त्याचंच नाव निघायचं. तो ‘मी नाही’ म्हणत राहिला आणि ते कोणाला खरं वाटलं नाही.

पृथ्वीगोल माझ्या कोपराने पडला होता. वरचा नकाशा काढायला हात वर केला, आणि तो हात मला वाटत होता त्यापेक्षा बराच लांब झाला होता. मुद्दाम केलेलं नव्हतं. बाईंना लगेच सांगितलं असतं तर फार तर बोलणी बसली असती. पण मी हेतूचा विचारच केला नाही. मी किंमत मोजत बसले.

संपूर्ण वर्गाला शिक्षा करावी का, हेही पियाजेने मुलांना विचारलं होतं. काही म्हणाली, करावी, कारण शिक्षा व्हायलाच हवी. काही म्हणाली, वर्गाने मिळून नाव न सांगायचं ठरवलं असेल तर करावी. आणि काही म्हणाली, कोणालाच करू नये, कारण निर्दोष मुलाला शिक्षा होणं हे अपराधी सुटण्यापेक्षा वाईट आहे.

हा लेख मी संपादक मंडळाला दिला त्याच दिवशी पृथ्वीगोलाचे पैसे मेळाव्याच्या खजिनदाराकडे जमा केले. पावतीवर ‘मोडतोड, सातवी ब’ असं लिहून घेतलं. खजिनदार हसला, त्याला वाटलं गंमत आहे. स्टाफरूममध्ये दोनदा गेलेल्या मित्रा, तुझं नाव येणाऱ्यांच्या यादीत पाहिलंय. तुला मी हे छापून येण्याआधी फोन करून सांगायला हवं होतं. तीनदा नंबर काढला आणि ठेवून दिला.

आणखी एकीने पाहिलं होतं. ती दुसऱ्या बाकावर बसून वही भरत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि परत मान खाली घातली. पंधरा दिवस तीही लंगडीला मुकली. ती तेव्हा का बोलली नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही. मेळाव्यात विचारणार आहे.