संस्कृती दर वेळी लग्नाच्या मांडवातच का बुडते?

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या खंडपीठाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता द्यायला नकार दिला. विश्व हिंदू परिषदेने निकालाचे स्वागत केले. जमियत उलेमा-ए-हिंदनेही केले. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे त्या दिवशी एकाच पंगतीला बसले. हे नवल समजून घेण्यासारखे आहे.

आम्ही वाशीसारख्या तालुक्याच्या गावात चळवळीचे काम करतो. इथे हा विषय निघाला की आपलेच कार्यकर्ते म्हणतात, "हे मुंबई-पुण्याच्या पोट भरलेल्यांचे खूळ आहे. आपले अॅट्रॉसिटीचे, गायरानाचे, शिष्यवृत्तीचे प्रश्न पडलेत, ते सोडून हे कशाला?" काही जण तर या निकालावर मनापासून खूश आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे. विरोध करायचा असेल तर जरूर करा. पण आधी इतिहास बघा आणि आपण कोणाच्या शेजारी उभे आहोत तेवढे तपासा.

विरोधकांची हजेरी

सुरुवात २००९ पासून करू. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने नाझ फाउंडेशनच्या खटल्यात निकाल दिला, की दोन सज्ञान माणसांमधले संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. न्या. ए. पी. शहा आणि न्या. एस. मुरलीधर यांचे ते खंडपीठ. न्या. शहा मूळचे आपल्या शेजारच्या सोलापूरचे. समाजाला आवडत नाही म्हणून एखाद्याचा हक्क काढून घेता येतो का, या प्रश्नाचे उत्तर देताना त्या निकालाने बाबासाहेबांच्या ४ नोव्हेंबर १९४८ च्या संविधान सभेतील भाषणाचा आधार घेतला. संविधानिक नैतिकता माणसात उपजत नसते, ती रुजवावी लागते, हा त्या भाषणातला विचार. लोकांच्या नैतिकतेपेक्षा संविधानाची नैतिकता मोठी, असे न्यायालयाने बाबासाहेबांना साक्षी ठेवून सांगितले.

या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात कोण कोण गेले? एक ज्योतिषी गेले. ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड गेले. उत्कल ख्रिश्चन कौन्सिल आणि अपोस्टोलिक चर्चेस अलायन्स गेले. आणि याच यादीत आणखी एक नाव आहे: क्रांतिकारी मनुवादी मोर्चा पार्टी. होय, पक्षाचे नावच ते. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या सगळ्यांच्या बाजूने निकाल दिला आणि कलम ३७७ पुन्हा जिवंत केले. ते पुसायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावा लागला.

मनुवाद्यांना या प्रश्नात एवढा रस का? मनुस्मृतीचा अकरावा अध्याय उघडा. पुरुषाने पुरुषाशी केलेल्या संगाला तिथे एक विशेष नाव आहे, 'जातिभ्रंशकर'. म्हणजे ज्याने जात जाते ते पाप. आठव्या अध्यायात स्त्रियांमधल्या संबंधांना दंड, फटके आणि बोटे छाटण्यापर्यंत शिक्षा आहेत. देवाचा कोप होतो म्हणून नव्हे, जात जाते म्हणून हे पाप! मनूला जे कळत होते ते आपल्याला अजून कळलेले नाही.

आणि कलम ३७७? ते तर इंग्रजांनी १८६० च्या दंड संहितेत घातले. समलिंगी हक्कांना 'पाश्चात्त्य खूळ' म्हणणारे प्रत्यक्षात मेकॉलेच्या कलमासाठी भांडत होते.

दीडशे वर्षांची एकच हाकाटी

२०२३ ची सुनावणी विशेष विवाह कायदा, १९५४ याभोवती झाली. जात-धर्माची अट न ठेवता नोंदणी पद्धतीने लग्न लावणारा हा कायदा समलिंगी जोडप्यांनाही लागू करा, ही मागणी होती. केंद्र सरकारने प्रतिज्ञापत्रात सांगितले की हे भारतीय कुटुंबाच्या कल्पनेत बसत नाही. याचिका म्हणजे शहरी अभिजनांची मते आहेत, असेही म्हटले. अखिल भारतीय संत समिती विरोधात उतरली. निकाल लागण्याआधीच २३ एप्रिल २०२३ रोजी बार कौन्सिल ऑफ इंडियाने ठराव करून विरोध नोंदवला. वकिलांची शिखर संस्था न्यायालयाला सांगते की हा प्रश्न ऐकू नका! केंद्राने राज्यांचे मत मागवले तेव्हा भाजपच्या आसामने, काँग्रेसच्या राजस्थानने आणि वायएसआर काँग्रेसच्या आंध्रने विरोध कळवला. महाराष्ट्राने मुदत मागितली. पक्ष वेगळे, झेंडे वेगळे, उत्तर एक.

ही हाकाटी आपण पहिल्यांदा ऐकत नाही.

२५ डिसेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने ब्राह्मण पुरोहिताशिवाय पहिले लग्न लावले. भटांनी धर्म बुडाला म्हणून ओरड केली, पुढे दक्षिणेच्या हक्कासाठी कोर्टाच्या पायऱ्याही चढले. १८९१ मध्ये संमतीवयाचे बिल आले. मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा करायचे, एवढीच गोष्ट. टिळकांनी विरोध केला, सरकारने धर्मात हात घालू नये म्हणून. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी आंतरजातीय विवाहाचे बिल आणले. सनातन्यांनी ते होऊ दिले नाही. राजर्षी शाहूंनी मात्र १९१९ मध्ये कोल्हापूर संस्थानात तसा कायदा करून दाखवला.

मग आले हिंदू कोड बिल. ११ डिसेंबर १९४९ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर संघाने त्याविरुद्ध सभा घेतली. दुसऱ्या दिवशी मोर्चा निघाला आणि नेहरूंबरोबर बाबासाहेबांचा पुतळा जाळला गेला. करपात्री महाराजांचा तर मुख्य आक्षेपच हा, की एका अस्पृश्याने धर्मशास्त्राला हात लावावाच कसा. घटस्फोट आला तर कुटुंब मोडेल, मुलीला वाटा दिला तर घर फुटेल, जातीबाहेरच्या लग्नाला मान्यता दिली तर समाज रसातळाला जाईल, असे तेव्हा सांगितले गेले. २०२३ च्या सुनावणीत हेच सगळे पुन्हा ऐकू आले, फक्त जोडपे बदलले होते.

आता आपल्या कार्यकर्त्यांच्या आक्षेपाकडे येऊ. 'हा आपला प्रश्न नाही.' हिंदू कोड बिलाचा पहिला लाभ कोणाला होणार होता? ज्यांच्या घरी वाटून घ्यायला जमीन-जुमला होता त्या बायकांना. म्हणजे बहुतांशी सवर्ण घरांतल्या बायकांना. भूमिहीन महाराच्या मुलीला बापाच्या इस्टेटीतला वाटा म्हणजे काय मिळणार होता? तरीही ते बिल गुंडाळले गेले म्हणून बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये कायदेमंत्रीपद सोडले. राजीनाम्याची इतरही कारणे होती, पण हे कारण त्यांनी ठळकपणे सांगितले. 'हा आपला प्रश्न नाही' असा हिशेब त्यांनी केला असता तर मंत्रीपद टिकले असते. त्यांनी तो केला नाही. आपण कोणत्या तोंडाने करतो?

बाबासाहेबांचे सूत्र

१९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरच्या निबंधात बाबासाहेबांनी सांगितले की जातीचा गाभा म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. हे कुंपण टिकवायला सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही हत्यारे वापरली गेली. म्हणजे जात टिकते ती रोटीपेक्षा बेटीवर. कोणी कोणाशी लग्न करायचे हे ठरवण्याची सत्ता ज्याच्या हातात, जात त्याच्या हातात.

संस्कृती नेहमी मांडवातच का बुडते याचे उत्तर इथे आहे. ज्या लग्नातून वंश, गोत्र, कूळ पुढे जात नाही, ज्यात मुलगी 'देण्याचा' व्यवहारच नाही, ते लग्न त्या सत्तेच्या हिशेबात बसत नाही. म्हणून मनूने त्याला जातिभ्रंशकर म्हटले.

लैंगिकतेच्या प्रश्नावर बाबासाहेब स्वतः कुठे उभे राहिले याचाही पुरावा आहे. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे छापत. त्यावरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. सनातन्यांच्या दहशतीपुढे त्यांच्या पाठीशी उभे राहणारे फार थोडे होते. त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. आंबेडकरांनी. लैंगिक विषयावरचे लेखन म्हणजे अश्लीलता नव्हे, विकृती वाटते तिथेही उपाय ज्ञानाचाच, असा त्यांचा युक्तिवाद होता. समलिंगी आकर्षणाबद्दल बोलताना त्यांनी हॅवलॉक एलिस या संशोधकाचा दाखला दिला. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण नव्वद वर्षांपूर्वी, गोलमेज परिषदा आणि पुणे करार यांच्या धामधुमीनंतर लगेच, 'आपला मूळ प्रश्न' सोडून बाबासाहेब हा खटला लढले, हे विसरू नका.

'शहरी' म्हणणाऱ्यांसाठी

याचिकाकर्त्यांतले पुष्कळ चेहरे शहरी, इंग्रजी बोलणारे होते, हे खरे. या चळवळीत जात आहे हेही खरे. २०१५ मध्ये मुंबईत एका आईने समलिंगी मुलासाठी वर पाहिजे अशी जाहिरात दिली. देशभर कौतुक झाले. त्या जाहिरातीत जातीची अट नाही म्हणून पुढे लिहिले होते, अय्यर असल्यास प्राधान्य! प्रेमाने जात आपोआप मरत नाही, हे आपण त्यांना ठणकावून सांगितलेच पाहिजे.

पण समलिंगी, पारलिंगी माणसे फक्त शहरात जन्मतात हे धादांत खोटे आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेले, लुगडे नेसणारे जोगते कोणत्या समाजांतून आले? बहुतेक दलित-बहुजन घरांतूनच. आपल्या भागात कमरेला खणांचा घागरा बांधून, केस वाढवून अंगावर आसूड ओढणारा पोतराज कोणाच्या घरचा? पोतराज समलिंगी असतो असे आम्ही म्हणत नाही. मुद्दा वेगळा आहे. देवीच्या नावाने, भीक मागत, पुरुषाने बाईचा वेश घेतला तर धर्म त्याच्या पाया पडतो. तोच माणूस ताठ मानेने कोर्टात हक्क मागायला गेला की धर्म बुडतो. धर्माला वेशाची अडचण नाही, हक्काची आहे.

हा फरक आपल्याला समजायला हवा. फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब याच जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला आले ते महार-मांग वतनदार परिषदेसाठी. वतन हीसुद्धा परंपराच होती.

आपल्याच प्रवाहात दिशा पिंकी शेख वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या झाल्या. शमिभा पाटील २०२४ मध्ये त्याच पक्षाकडून रावेर विधानसभा लढल्या. तमिळनाडूत ग्रेस बानू दलित पारलिंगींसाठी समांतर आरक्षण मागत आहेत. हे शहरी अभिजन आहेत काय?

या निकालात आपले काय गेले

पाचही न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की लग्न करणे हा मूलभूत हक्क नाही. जोडीदार निवडण्याचे स्वातंत्र्य २०१८ च्या हादिया आणि शक्तिवाहिनी निकालांनी मान्य केले आहे, ते शाबूत आहे. पण त्या निवडीला कायद्याचे कवच द्यायचे की नाही, हे संसदेवर सोडले. आज हा न्याय समलिंगी जोडप्यांना लागला. उद्या आंतरजातीय आणि आंतरधर्मीय जोडप्यांचे कवच पातळ करायचे ठरले तर? १३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्र सरकारने अशा लग्नांची माहिती गोळा करणारी समिती नेमलीच होती. ओरड झाल्यावर त्यातून 'आंतरजातीय' शब्द वगळला, 'आंतरधर्मीय' ठेवला.

आणि ती तीस दिवसांची नोटीस! विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे तर जोडप्याची नावे महिनाभर आधी कार्यालयाच्या फलकावर लागतात. कोणीही हरकत घेऊ शकतो. मुंबईत ते कागद कोणी वाचत नसेल. तालुक्याच्या गावात संध्याकाळपर्यंत दोन्ही घरी बातमी पोचते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नोटीस प्रसिद्ध करणे ऐच्छिक ठरवले, पण कायद्यातले कलम तसेच आहे. २०२३ च्या काही याचिकांत या नोटिशीलाही आव्हान होते. म्हणजे ते 'शहरी अभिजन' आपल्या पोरापोरींची लढाईही लढत होते.

त्या महिन्यात काय होऊ शकते हे आम्हाला कोणी शिकवू नये. भूमच्या पलीकडे खर्डा आहे. २०१४ मध्ये तिथे सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून सतरा वर्षांचा आपला मुलगा मारून झाडाला टांगला गेला. २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. तो पोरगाही 'संस्कृती'च वाचवायला मारला होता.

आमची भूमिका

फेरविचार याचिका ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळल्या गेल्या. चेंडू संसदेकडे आहे, आणि संसदेवर दबाव रस्त्यावरून येतो. आमच्या मागण्या साध्या आहेत. विशेष विवाह कायद्यातली नोटीस रद्द करा. तो कायदा दोन सज्ञान माणसांचा करा, मग ती कोणत्याही जातीची, धर्माची, लिंगाची असोत. पारलिंगींना त्यांच्या त्यांच्या प्रवर्गात समांतर आरक्षण द्या. आणि हिंदू विवाह कायदा आजही बौद्धांना आपल्यात ओढून घेतो, तेव्हा स्वतंत्र बौद्ध विवाह कायदाही करा. धम्मात लग्न हा देवाने लावलेला संस्कार नाही, दोन माणसांनी एकमेकांना दिलेला शब्द आहे. त्या कायद्याच्या मसुद्यात 'दोन माणसे' लिहायची की 'वर-वधू', याची चर्चा आपल्या अभ्यासवर्गांत आजच सुरू झाली पाहिजे.

चर्चेत मतभेद होतील, होऊ द्या. फक्त एक पथ्य पाळा. 'संस्कृतीला शोभत नाही', 'समाज काय म्हणेल', 'निसर्गाविरुद्ध आहे' ही वाक्ये तोंडात आली की क्षणभर थांबा. आपण पाणी मागितले तेव्हा, देवळाची पायरी चढलो तेव्हा, शाळेत बसलो तेव्हा हीच वाक्ये आपल्याविरुद्ध वापरली गेली. ती त्यांची हत्यारे आहेत. त्यांना ती वापरू द्या. आपल्या हातात संविधान आहे.

जय भीम!