रिव्हेरा, जान्नी
(१८ ऑगस्ट १९४३– ). इटलीचा ख्यातनाम फुटबॉलपटू. जन्म वायव्य इटलीतील पीमाँट प्रदेशात, आलेस्सांद्रिया येथे. गावच्याच संघातर्फे २ जून १९५९ रोजी इंटर संघाविरुद्ध तो इटलीच्या सर्वोच्च साखळी स्पर्धेत प्रथम खेळला, तेव्हा त्याला सोळावे वर्षही पुरे झाले नव्हते. १९६० मध्ये तो ए. सी. मिलान संघात दाखल झाला आणि निवृत्तीपर्यंत, म्हणजे १९७९ पर्यंत, त्याच संघात राहिला.

रिव्हेरा मधल्या फळीत खेळे. धावण्याचा वेग किंवा अंगबळ यांपेक्षा मैदानाचे अचूक भान आणि चेंडू नेमक्या जागी पोहोचविण्याचे कसब हे त्याचे खरे सामर्थ्य होते. त्या काळी इटलीत ‘कातेनाच्चो’ (शब्दशः कडी वा अडसर) या नावाच्या बचावप्रधान पद्धतीचे प्राबल्य होते. अशा खेळात प्रतिस्पर्ध्याचा पाठलाग न करणाऱ्या कलावंत खेळाडूला स्थान असावे काय, हा वाद रिव्हेराच्या निमित्ताने दोन दशके चालला. क्रीडापत्रकार जान्नी ब्रेरा याने त्याला ‘आबातीनो’ (छोटा धर्मगुरू) असे उपहासाने संबोधले. मिलानचा प्रशिक्षक नेरेओ रोक्को हा स्वतः बचावपद्धतीचा पुरस्कर्ता. तथापि त्याने संघाची उभारणी रिव्हेराभोवतीच केली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

मिलानने त्याच्या कारकीर्दीत तीन वेळा (१९६२, १९६८ व १९७९) राष्ट्रीय अजिंक्यपद आणि दोनदा यूरोपीय चषक मिळविला. १९६३ साली वेम्ब्ली येथे बेनफीकाचा २–१ असा आणि १९६९ साली माद्रिद येथे आयाक्सचा ४–१ असा पराभव करण्यात आला. १९६९ मध्येच रिव्हेराला यूरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा ‘बालाँ दॉर’ (सुवर्ण चेंडू) पुरस्कार लाभला. त्यापूर्वी १९६१ मध्ये तो सीव्होरी या इटलीच्या खेळाडूस मिळाला होता. परंतु सीव्होरी जन्माने अर्जेंटिनाचा होता.

राष्ट्रीय संघातर्फे त्याने ६० सामन्यांत १४ गोल केले आणि चार विश्वचषक स्पर्धांत (१९६२–७४) भाग घेतला. १९६६ मध्ये उत्तर कोरियाकडून झालेल्या नामुष्कीच्या पराभवात तो संघात होता. १९७० च्या मेक्सिकोतील स्पर्धेची कथा मात्र निराळी. त्या वर्षी विश्वचषकात बदली खेळाडूंना प्रथमच मुभा मिळाली आणि प्रशिक्षक फेर्रूच्चो व्हाल्कारेज्जी याने तिचा विलक्षण उपयोग केला. पूर्वार्धात इंटरचा सांद्रो मात्सोला व उत्तरार्धात रिव्हेरा, अशी ही ‘स्टाफेट्टा’ (पाळीची दौड) होती. उपांत्यपूर्व सामन्यात मेक्सिकोविरुद्ध ती फळास आली. १७ जून रोजी आस्तेका मैदानावर पश्चिम जर्मनीशी झालेला उपांत्य सामना ९० मिनिटांअखेर १–१ असा बरोबरीत राहिला. पुढच्या अर्ध्या तासात आणखी पाच गोल झाले. ११० व्या मिनिटास म्यूलरचा चेंडू गोलखांबाशी उभ्या असलेल्या रिव्हेराजवळून आत गेला व ३–३ अशी बरोबरी झाली. गोलरक्षक आल्बेर्तोसी त्याच्यावर संतापला. पण लगेचच, १११ व्या मिनिटास, बोनिन्सेन्याने डावीकडून दिलेला चेंडू रिव्हेराने शांतपणे जाळ्यात धाडला आणि इटलीने ४–३ असा विजय मिळविला.

चार दिवसांनी ब्राझीलशी झालेल्या अंतिम सामन्यात मात्र ही पाळी पाळली गेली नाही. मात्सोला मैदानावरच राहिला. रिव्हेराला ८४ व्या मिनिटास पाठविण्यात आले, तोवर इटली ३–१ अशी मागे पडली होती. सामना ४–१ असा गमावला गेला. त्या सहा मिनिटांचा जाब इटलीत पुढे वर्षानुवर्षे विचारला गेला. तो आधी आला असता तर निकाल बदलला असता, असे मानण्यास मात्र फारसा आधार नाही. त्या दिवशीचा ब्राझीलचा संघ सर्वच अंगांनी सरस होता. १९७४ मध्ये हैतीविरुद्ध त्याने गोल केला. परंतु त्या स्पर्धेबरोबर त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली.

मैदानाबाहेर तो स्पष्टवक्ता होता. १९७२ मध्ये पंचांवर उघड टीका केल्याबद्दल त्याला दीर्घ काळ निलंबित करण्यात आले होते. १९७३ मध्ये मात्र साखळी स्पर्धेत सर्वाधिक १७ गोल करणाऱ्या तीन खेळाडूंत तो होता.

निवृत्तीनंतर काही वर्षे तो मिलानचा उपाध्यक्ष होता. १९८७ मध्ये ख्रिश्चन डेमॉक्रॅटिक पक्षातर्फे तो संसदेवर निवडून आला, १९९६ ते २००१ या काळात संरक्षण खात्याचा उपमंत्री आणि २००५ ते २००९ या काळात यूरोपीय संसदेचा सदस्य होता.